शिंप्याचा गुरुवार

मास्तरांना खरी तारीख कुणीच सांगत नसे. कपडे शनिवारी हवे असले की गिऱ्हाईक बुधवार सांगायचं. बुधवार म्हणजे खरा शनिवार हे मास्तरांना ठाऊक असल्यामुळे ते शनिवारच्या बेताने चालायचे आणि कपडे मंगळवारी द्यायचे. मग गिऱ्हाईक शहाणं झालं आणि सोमवार सांगू लागलं. मास्तरांनीही आपली बेरीज वाढवली. हा शेरास सव्वाशेर सामना कित्येक वर्षं चालला होता, आणि अखेर सगळ्या गावाचं कॅलेंडर एकीकडे नि मास्तरांचं दुसरीकडे अशी गत झाली होती.

शिंप्याला मास्तर म्हणतातच, पण यांना पाठीमागे 'उद्यामास्तर' म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं. "चला, नाव तरी वेळेवर पडलं," असं ते स्वतःच म्हणायचे. दुकानाला पाटी नव्हती. दुकान उघडलं तेव्हा अक्षरं वळणदार काढावीत की ठळक, यावर विचार सुरू झाला होता आणि तो अजून सुरू होता. घरी बायकोने भिंतीवरचं घड्याळ पुढे लावून ठेवलं होतं. किती पुढे, हे ती अधूनमधून गुपचूप बदलायची, कारण एकदा आकडा कळला की नवरा तो वजा करून पुन्हा लोळणार, हे ती जाणून होती.

हात मात्र सोन्याचा. मास्तरांनी कापलेला कोट अंगावर घातला की कुबडा माणूससुद्धा ताठ दिसायचा. कापड टेबलावर पसरायचं, खडूची रेघ मारायची, मोठी कात्री कर्रकर्र चालवायची, इथवर त्यांच्यासारखा उद्योगी माणूस शोधून सापडला नसता. पुढे बाह्या लागायच्या, अस्तर बसायचं, काजं करायची, बटणं लावायची, आणि तिथे त्यांचं घोडं पेंड खायचं. काज करणं म्हणजे त्यांना शिक्षा वाटे. म्हणून दुकानाच्या दांडीवर एकेका बाहीचे कोट ओळीने लटकत असत. एखादी पलटण लढाईहून परतावी तसे ते दिसत. मास्तर त्यांच्याकडे पाहत चहा प्यायचे आणि मनाशी म्हणायचे, काय आरंभशूर माणूस आहे मी, मला एखादं पदकच द्यायला हवं.

त्यांच्या पराक्रमाचा एक चालताबोलता पुरावा रोज सकाळी दुकानासमोरून जायचा. तो म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे हेडसर म्हणत. हेडसरांनी आपल्या निरोप समारंभासाठी राखाडी सूट शिवायला टाकला होता. समारंभ झाला, हार झाले, भाषणं झाली, फोटो निघाले, आणि सगळ्यांत हेडसर जुन्या शर्टात. सूट तयार झाला त्याच्या पुढच्या आठवड्यात. हेडसर एका शब्दाने बोलले नाहीत. पैसे दिले, सूट घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो घालून दूध आणायला जाऊ लागले. सूट अंगावर असा बसला होता की रस्त्यावरचे लोक वळून बघत. हेडसर दुकानासमोर आले की मान लववून नमस्कार करायचे. मास्तरांना वाटायचं, यापेक्षा या माणसाने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अशा दिवसांत एका संध्याकाळी लेक काळं कापड घेऊन दुकानात आली. लेक वकील झाली होती. एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली ती फायली उचलत होती आणि मैत्रिणीचा जुना कोट घालत होती. त्या कोटाच्या बाह्यांतून तिची बोटं जेमतेम बाहेर यायची.

"बाबा, गुरुवारी मला पहिल्यांदा स्वतः उभं राहायचंय," ती म्हणाली. "साहेबांनी एक छोटंसं प्रकरण माझ्यावर सोपवलंय. मला माझा कोट हवा. गुरुवारी सकाळी."

"गुरुवारी," मास्तर म्हणाले. "म्हणजे खरा गुरुवार?"

"गुरुवार म्हणजे गुरुवार."

हे सगळेच म्हणतात. मास्तरांनी मान डोलावली आणि मनातल्या मनात सवयीने बेरीज केली. लेक आपलीच, त्यातून आईच्या तालमीत तयार झालेली. तिने गुरुवार सांगितला म्हणजे पुढचा सोमवार नक्की. त्यांना तिचं कौतुकही वाटलं. पोरगी हुशार आहे, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, वकिलीत नाव काढणार.

त्या रात्री हात धुवून ते स्वयंपाकघराकडे गेले, तेव्हा आत मायलेकींचं बोलणं चाललं होतं.

"चौकातल्या शिंप्याकडे टाक गं," बायको म्हणत होती. "यांना कापड कळतं, पण त्याला घड्याळ कळतं."

"नको आई. माझा पहिला कोट बाबाच शिवणार. देतील ते."

मास्तर ओले हात घेऊन दारातच थांबले. 'देतील ते' असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणून जमाना लोटला होता. त्यांनी तिथेच ठरवलं की हा कोट वेळेवर द्यायचा. नुसता वेळेवर नाही, तिने सांगितलेल्या खोट्या गुरुवारीच तिच्या हातात ठेवायचा, म्हणजे तिचा आ वासलेला चेहरा तरी बघायला मिळेल. त्यासाठी आपल्याला एकच गोष्ट कमी आहे, ती म्हणजे शिस्त. तेव्हा आधी शिस्त आणायची, कोट काय, मागोमाग येतोच.

कापड त्यांनी दुसऱ्याच दिवशी कापलं. कापण्यात ते कधीच मागे नव्हते. मग मोबाइलवर यशस्वी कसं व्हावं हे शिकवणाऱ्या एका गृहस्थांची भाषणं ऐकायला बसले. गृहस्थ कडक इस्त्रीच्या शर्टात येरझारा घालत सांगत होते की पहाटे उठा, मनाला लगाम घाला, ध्येय डोळ्यांपुढे ठेवा. शर्टाची कॉलर किंचित तिरकी बसली होती, त्यामुळे मास्तरांचं पहिलं भाषण कॉलर बघण्यातच गेलं. दुसऱ्या भाषणात एक वाक्य त्यांना मनापासून पटलं. शिस्त एका दिवसात येत नसते, हे ते वाक्य. मास्तरांना हायसं वाटलं, म्हणजे घाई नव्हती.

वेळापत्रक हवं, असंही ते गृहस्थ म्हणाले होते. मास्तरांनी कापाकापीचा तपकिरी कागद पसरला आणि पट्टी, खडू, रंगीत पेन्सिली घेऊन बसले. कामाचे तास निळे करावेत की हिरवे, यात सकाळ गेली. दुपारी सगळ्यात वर 'उठणे' आणि त्याखाली 'निश्चय करणे' असं लिहून झालं. संध्याकाळपर्यंत कागदाला चारी बाजूंनी सुरेख दुमड घालून, खाली पट्टी लावून, वर हुक बसवून वेळापत्रक भिंतीवर टांगलं गेलं. त्या पट्टीला त्यांनी काजसुद्धा केलं होतं. लेकीच्या कोटाला काज नव्हतं, पण वेळापत्रकाला होतं. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते स्वतःशीच हसले आणि दुकान बंद केलं.

पहाटे उठण्यासाठी त्यांनी गजराचं घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल. ते उठलेही. घड्याळ बंद केलं आणि तिथेच, गार फरशीवर, घड्याळ उशाशी घेऊन झोपले. सकाळी बायको चहाचं आधण ठेवायला आली तर नवरा दाराच्या आडवा.

"काय हो, पडलात की काय?"

"पहाटेच उठलोय मी."

"दिसतंय," बायको म्हणाली आणि त्यांना ओलांडून गेली.

मग त्यांनी चहा सोडला, कारण चहापायी फार वेळ जातो. चहा प्यायला लागायचा असा कितीसा वेळ. पण सोडल्याचं आल्यागेल्याला सांगावं लागे, का सोडला ते समजवावं लागे, चार जण मोडता घालत त्यांना उत्तर द्यावं लागे, आणि एवढं बोलून घसा कोरडा पडला की काहीतरी प्यावंसं वाटे. मोबाइल तर त्यांनी मशीनच्या खणातच कोंडला. त्याच खणात बॉबिनी होत्या. दर थोड्या वेळाने बॉबिन संपे, खण उघडावा लागे, आणि आतून ते कडक इस्त्रीचे गृहस्थ डोळे लावून बसलेलेच असत. एक भाषण ऐकून मास्तर पुन्हा कामाला लागत. बॉबिनी इतक्या लवकर संपतात हे त्यांना एवढ्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं.

अशी शिस्त सर्व बाजूंनी येत होती. कोटाला मात्र एकच बाही लागली होती. मास्तरांना त्याची काळजी नव्हती. गुरुवार म्हणजे सोमवार, हे पालुपद आत कुठेतरी मंद आवाजात चालू होतं, आणि दिवसभर ठेचकाळून झालं की ते त्या पालुपदाला टेकून बसत. उद्या दुसरी बाही लावू, असं म्हणत त्यांनी बुधवार गाठला.

बुधवारी दुपारच्या आधी हेडसर समोरून जाता जाता थांबले. नमस्कार केला आणि सूट घेऊन गेल्यानंतर आज प्रथमच उंबरठा ओलांडून आत आले. हातात तोच राखाडी सूट, नीट घडी घातलेला.

"मास्तर, याला जरा इस्त्री करून मिळेल का? आत्ता, मी बसतो इथे." त्यांनी स्टूल ओढलं. "गैरसमज नको. उद्या म्हणालात तर माझी पंचाईत होईल, म्हणून बसतो."

"कुठे जायचंय का, सर?"

"कोर्टात. शेजाऱ्याने भिंत उभारून माझ्या खिडकीचा उजेड बंद केलाय. माझं वाचन दिवसासुद्धा दिवा लावून चालतं. तुमची लेकच तर मांडणार आहे. सांगितलं नाही तिने?" हेडसर हसले. "दूध आणण्यापलीकडे या सुटाला एकदा तरी प्रसंग लाभतोय. उद्या सकाळी."

मास्तरांच्या हातातली इस्त्री हातातच राहिली.

"उद्या," ते म्हणाले. "उद्या म्हणजे गुरुवार."

"बुधवारनंतर बहुधा तोच येतो," हेडसर म्हणाले. चाळीस मुलांच्या वर्गाला समजावून सांगावं, तशा शांतपणे.

मास्तरांनी सूट इस्त्री करून दिला. हात सवयीने चालत होते, डोकं जागेवर नव्हतं. दांडीवर लेकीचा कोट लटकत होता. एक बाही, अस्तर नाही, कॉलर उघडी, काज नाही, बटण नाही. पोरगी खरं बोलली होती. सगळं गाव ज्याला खोटं सांगतं, त्या बापाला ती खरं सांगून गेली होती आणि बापाने ते खोटं धरलं होतं. मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली की भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे त्यांना बघवेना. त्यांनी ते उतरवलं आणि त्याच्याच पाठीवर अस्तराचं माप आखून कागद कापला.

मग ते बसले. निश्चय केला नाही, लगाम घातला नाही, ध्येय डोळ्यांपुढे आणलं नाही. सुईत दोरा घातला आणि बसले. बॉबिन संपली की खण उघडत होते, बॉबिन घेत होते, खण लावत होते. अंधार पडायच्या सुमारास बायको जेवायला बोलवायला आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि काय झालंय ते तिला कळलं. घरी जाऊन ताट झाकून घेऊन आली, समोर बसली आणि एकेका सुईत दोरा ओवून त्यांच्या पुढ्यात ठेवू लागली.

"मी सोमवार धरला गं," मास्तर मान वर न करता म्हणाले.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "घास घ्या आधी."

सकाळी लेक उठून बाहेर आली तेव्हा मास्तर दुकानातून घरी येऊन टेबलापाशी कोट मांडीवर घेऊन बसले होते. दोन्ही बाह्या लागल्या होत्या, अस्तर बसलं होतं. कॉलर अर्धी उघडी होती. समोर एकही काज नव्हतं आणि डाव्या बाहीवर कच्चा टाका, म्हणजे कापड तात्पुरतं धरायला घातलेला पांढरा धावदोरा, खांद्यापासून मनगटापर्यंत तसाच होता. काळ्या कोटावर तो इतका उठून दिसत होता की दुरूनही नजरेत भरावा.

"अजून एक दिवस मिळाला असता तर," मास्तर म्हणाले आणि थांबले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती जणांना ऐकवलं होतं याची मोजदाद नव्हती. "नाही. दिवस होते. मीच तुझ्या गुरुवारात माझे चार मिळवले. तू खरं सांगशील असं वाटलं नाही मला."

लेक खाली बसली. रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"सगळे तुम्हाला खोटं सांगतात," ती म्हणाली. "आईसुद्धा. मीही आजवर सांगत आले. मला वाटलं, हा कोट तरी तसा मागू नये."

तेवढ्यात बायकोने आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. ती हँगरला टांगलेला एक काळा कोट घेऊन आली. चौकातल्या शिंप्याने शिवलेला. त्याला मैत्रिणीचा कोट मापाला दिला होता आणि बाह्या आखूड करायला सांगितल्या होत्या. तिने तो परवाच आणून ठेवला होता.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर संसार केलाय मी. छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही."

मास्तरांनी तो कोट हातात घेतला. उजवा खांदा ओढलेला होता, पाठ पोकळ पडत होती, अस्तराला रबराचा वास येत होता. त्या कोटात एकच गुण होता, तो म्हणजे तो होता. काजं होती, बटणं होती, गुरुवारी सकाळी तो हजर होता.

लेकीने दोन्ही कोटांकडे पाहिलं. "मी बाबांचाच घालते," ती म्हणाली. "समोरून उघडा ठेवीन. फाईल छातीशी धरली की दिसणार नाही."

"नाही," मास्तर म्हणाले. तिने आपलाच कोट घालावा असं त्यांना इतकं वाटत होतं की त्यांचा आवाज फाटला. "तिथे हेडसर तुझ्या भरवशावर येणार आहेत. त्यांचा एक समारंभ माझ्यापायी वाया गेलाय, दुसरा नको. हा घाल. आहे तो घाल." त्यांनी परक्या शिंप्याचा कोट तिच्यामागे धरला आणि तिचे हात बाह्यांत घातले. खांदा ओढत होता तो त्यांनी बोटाने जमेल तेवढा सारखा केला.

मग आपला कोट, सुया, दोरा, बटणं नि छोटी कात्री पिशवीत टाकून तेही तिच्यामागून निघाले.

"तुम्ही कुठे?" बायकोने विचारलं.

"वरातीमागून घोडं निघालंय," ते म्हणाले. "जाऊ दे त्याला."

कोर्टाच्या खोलीत मागच्या बाकावर मास्तर बसले. पुढे लेक, तिच्याशेजारी राखाडी सुटात हेडसर. आधी दुसऱ्यांची प्रकरणं चालू होती. मास्तरांनी कोट मांडीवर घेतला आणि कॉलर शिवायला सुरुवात केली. मग पहिलं काज केलं, मग दुसरं. शिपाई येऊन बघून गेला. त्याने बहुधा कोर्टात याहून विचित्र गोष्टी पाहिल्या असाव्यात, कारण तो काही म्हणाला नाही. तिसरं काज झालं. मास्तर बटणं लावू लागले. जन्मभर ज्या कामाला नाक मुरडलं ते काम आज त्यांना कंटाळवाणं वाटत नव्हतं. त्याचं कारण शोधायलाही त्यांना सवड नव्हती.

शेवटचं बटण टाक्यात असतानाच पुकारा झाला आणि लेक उठली. फक्त एक बटण. मास्तर मनात म्हणाले, व्वा, उद्यामास्तर, परंपरा राखलीत.

लेकीचा आवाज पहिल्या वाक्याला कापला, दुसऱ्याला सावरला. ती खिडकीबद्दल बोलली, भिंतीबद्दल बोलली, आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलेल्या माणसाला आता स्वतःला वाचायला उजेड नाही, हे तिने आवाज न चढवता सांगितलं. हात वर केला की तो दुसरा कोट मानेशी गोळा व्हायचा आणि मास्तरांची बोटं तो सारखा करायला शिवशिवायची. पण हे फक्त त्यांनाच दिसत होतं. बाकी सगळे तिचं ऐकत होते. मास्तरांना मनापासून अभिमान वाटला, आणि त्या अभिमानात आपल्या सुईचा काडीइतकाही वाटा नाही, हेही त्यांना उमगलं.

मग शेजाऱ्याचे वकील उठले. गोड बोलणारे, पोट सुटलेले.

"साहेब, आमचं उत्तर तयारच आहे," ते म्हणाले. "जवळजवळ झालंच आहे. फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिलाय. थोडी मुदत मिळाली तर पुढच्या वेळी नक्की देतो."

मास्तरांची सुई थांबली. हे शब्द त्यांचेच होते. तो 'जवळजवळ', तो 'शेवटचा हात', तो 'नक्की'. हसून मान किंचित कलती करण्याची ढबसुद्धा त्यांचीच होती. त्यांनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसर सुटाची बटणं लावून ताठ बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. निरोप समारंभाच्या फोटोत, गळ्यात हार घालून, जुन्या शर्टात, ते असेच बसले असतील. दर वेळी 'उद्या' म्हणताना समोरच्या चेहऱ्याचं काय होतं हे मास्तरांनी कधी थांबून पाहिलं नव्हतं. लोक आपल्याला खोटं सांगतात याचं त्यांना इतकी वर्षं हसू यायचं. पहिलं खोटं त्यांचं स्वतःचं होतं. बाकी सगळी त्याच्या पोटी जन्मली होती.

न्यायाधीशांनी मुदत दिली, आणि यापुढे मिळणार नाही असं बजावलं. पुढची तारीख पडली. मास्तरांनी शेवटच्या बटणाला गाठ मारली.

बाहेर पायऱ्यांवर हेडसरांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मास्तरांना नमस्कार केला आणि ते हळूहळू पायऱ्या उतरून गेले. लेक कोटाकडे बघत होती.

"झाला?"

"झाला. पुढच्या तारखेच्या आधी झाला. माझ्या हयातीत असं पहिल्यांदाच घडतंय, आणि तेही कोर्टाच्या मेहेरबानीने." मास्तर हसायला गेले, पण ते हसू काही धड उमटलं नाही. "त्या खिडकीचा उजेड लांबला आणि माझा कोट वेळेवर आला. या वेळेवरचं मला सुख नाही बघ."

लेकीने अंगातला कोट काढला आणि बापाचा घातला. बटणं लावली. खांद्यावर, पाठीवर, मनगटावर, कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. ती एकदम मोठी दिसायला लागली. तिने हात पुढे केला तेव्हा डाव्या बाहीवरचा लांबच लांब पांढरा टाका दोघांनाही दिसला.

"असू दे बाबा," ती म्हणाली. "रात्रभर जागलात. आता घरी जाऊन झोपा. तो काय, उद्या काढा."

'उद्या' हा शब्द मास्तरांच्या ओठांवर आपोआप येऊन बसलाच होता. मान किंचित कलतीही झाली होती. त्यांनी ओठ मिटले.

"नको," ते म्हणाले. "आत्ता."

ते पायरीवर बसले आणि पिशवीत हात घातला. कात्री आत बाकावरच राहिली होती. हेही आपल्या लौकिकाला धरूनच झालं, असं वाटून या खेपेला त्यांना खरोखर हसू आलं. मग त्यांनी तिची बाही हातात घेतली, टाक्याची गाठ दाताने तोडली आणि दोरा हळूहळू ओढायला सुरुवात केली. लेक हात लांब करून उभी राहिली आणि येणारेजाणारे वकील त्या दोघांना वळसा घालून पायऱ्या चढत-उतरत राहिले.